लेकींची फांदी

वन्सं, तुमचं सुतक आम्हाला तीनच दिवसांचं लागलं. दिल्या घरची लेक गेली की माहेराला तीन दिवस, असं गुरुजींनी फोनवर सांगितलं आणि तुमच्या भावानं नुसती मान हलवली. चौथ्या दिवशी त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली, दुकानाचं शटर वर केलं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला लावला. तिकडं अंबाजोगाईला तुमच्या सासरी अजून दहावा व्हायचा होता. तुमच्या मिस्टरांचा कुठला तरी चुलत-चुलत भाऊ, ज्याला तुम्ही रस्त्यात ओळखलंही नसतं, तो सुतकात. आणि ज्यानं लहानपणी तुमच्या पाठीवर बसून अख्खं गाव पालथं घातलं, त्या सख्ख्या भावाचं फिटलं. तुम्ही असता तर यावर खडू घेऊन एक तास घेतला असता. मला नुसतं चिडता येतं.

आणि एका जागी बसवत नाही. काउंटरची काच पुसून झाली की परत पुसते. गिऱ्हाईक समोर बोलत असतं आणि मला ऐकूच येत नाही. कॉम्प्युटरवर ती वंशावळीची फाइल उघडते, बघते, बंद करते. तिच्यात तुम्ही आहात. उद्या-परवा भाऊकीकडून अण्णा तिचा नमुना बघायला येणार, आणि त्यांनी नको म्हटलं तर तुमचं नाव माझ्याच हातानं पुसायचं आहे. भांडायचं तुम्ही ठरवलं होतं, वन्सं. मी आपली माऊस हलवणारी. आता हे सगळं माझ्या गळ्यात टाकून तुम्ही मोकळ्या झालात.

सगळं त्या प्राण्यांच्या झाडावरून सुरू झालं. तुम्ही जीवशास्त्र शिकवत होतात त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत लावायला तुम्हाला एक मोठा फ्लेक्स हवा होता. पेन्सिलीनं आकृती काढून तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलीत. बुडाशी एक रेघ, तिला फाटे, फाट्यांना फाटे, आणि टोकाटोकाला नावं: गांडूळ, गोगलगाय, झिंगा, मासा, बेडूक, पाल, मगर, कोंबडी, वटवाघूळ, गाय, माणूस. आता आपल्या माजलगावच्या धंद्याची एक रीत ठरलेली आहे. मुख्य माणूस वर मधोमध, सगळ्यात मोठा, त्याच्या मागं पिवळं तेज. बाकीचे खाली ओळीनं पासपोर्ट साइजमध्ये. निवडणूक असो नाहीतर बारसं, हात आपोआप तसाच चालतो. मी रीतीप्रमाणे माणसाला उचलून वर बसवलं, मागं तेज दिलं आणि उरलेल्या प्राण्यांना त्याच्या पायाशी दोन ओळींत उभं केलं. वर आणखी कमळाच्या पाकळ्यांची चौकट फुकटात टाकली, घरचं काम म्हणून.

तुम्ही तो फ्लेक्स काउंटरवर उलगडलात.

"हा काय तालुकाध्यक्ष हाय?" तुम्ही विचारलंत. "याला वर कावून बसवलं?"

"माणूस आहे ना वन्सं. सगळ्यात पुढं गेलेला."

"कुनाच्या पुढं?"

तुम्ही माझं स्टूल ओढून बसलात. "गांडूळ काय मागं ऱ्हायलंय व्हय शैला? ते बी आजच जित्तं हाय, तू बी आजच हायस. दोघींचं खानदान तेवढंच जुनं." मग तुम्ही कॉम्प्युटरवर माझ्याकडून तुमचं झाड काढून घेतलंत, एका फाट्यावर क्लिक करायला लावलंत आणि ती अख्खी फांदी डावी-उजवी उलटी करायला लावलीत. कोपऱ्यातला माणूस मधे आला, पाल कोपऱ्यात गेली. आता नातं बदललं का, असं तुम्ही विचारलंत. नव्हतं बदललं. फाटे जिथं फुटले होते तिथंच होते. कोण कुणाच्या शेजारी उभा, कोण वर, कोण खाली, याला झाडात काहीच किंमत नसते. कुणाचा फाटा कुणापासून कुठं फुटला एवढंच बघायचं असतं. हे मला कळलं तेव्हा आधी हसू आलं, कारण माझा सगळा धंदा कोण वर आणि कोण खाली यावरच चालतो. वाया गेलेला तो फ्लेक्स अजून गच्चीवर आहे. दर उन्हाळ्यात त्याच्यावर कुरडया वाळतात.

त्या दिवसापासून तुम्ही दुकानात आलात की मी काहीतरी विचारायची आणि तुम्ही सांगायच्या. मी बारावीला आर्ट्स केलेली, मला कुणी परीक्षेला बसवणार नव्हतं, म्हणून विचारताना लाज वाटायची नाही. तुमच्या भावाला वाटायचं की नणंद-भावजया बोलत बसल्या म्हणजे कुणाची तरी उणीदुणी काढतायत. आपण बेडकाबद्दल बोलत असायचो.

मग तो मांजरसुंब्याचा ढाबा. माझ्या मोठ्याचं लग्न झालं आणि आपण नव्या जोडप्याला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो, तेव्हाची गोष्ट. मांजरसुंब्याला गाड्या थांबल्या, कारण तिथून तुमची गाडी केजवरून अंबाजोगाईला जाणार होती आणि आमची बीडवरून घरी. बुधवार होता म्हणून सगळ्यांनी चिकन सांगितलं. ते येईपर्यंत तुम्ही मला हाताला धरून ढाब्याच्या मागं नेलंत. तिथं कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

"तिच्या पायाकडं बघ," तुम्ही म्हणालात.

मी जन्मभर कोंबड्या बघत आले, पण त्यांच्या पायावर खवले असतात हे कधी बघितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की मगर दिसायला पालीसारखी असली तरी नात्यानं कोंबडीला जवळची आहे. मगरीचा आणि कोंबडीचा जो सामाईक आजा, त्याच्याही आधी पालीचा फाटा वेगळा झालेला. मी म्हणाले काहीतरीच. शाळेत तर साप, पाल, कासव, मगर हे सरपटणारे, आणि पक्षी वेगळे, असं घोकून घेतलेलं होतं. तुम्ही चिडलात. तुम्हाला त्या गटाचा रागच होता.

"कोंबडीच्या आज्याला पंख फुटले, त्याची लेकरं उडून लांब गेली, म्हनून त्यांना गटातून काढलं. बाकीची घरात ऱ्हायली, ती समदी एकाच नावाखाली. आता तूच सांग, एका आज्याची लेकरं मोजायला बसलो आन एक फांदी लांब गेली म्हनून सोडून दिली, तर तो गट खरा हाय का? गट म्हनजे एक आजा आन त्याची झाडून समदी लेकरं. एक बी वगळायचं न्हाई."

आपण आत येऊन बसलो, ताटं आली. माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग वन्सं, आपली भाऊकी पण खोटीच की. तुम्ही कुठं आहात तिच्यात?"

मी गंमत केली होती. शेजारी नवी सून हसली सुद्धा. पण तुमचा घास हातातच राहिला. मग तुम्ही जेवलात, चहा घेतलात, सुनेच्या हातात नोट ठेवलीत. गाडी निघताना काच खाली करून मला जवळ बोलावलंत. "शैला, एवढी वर्सं पोरांना शिकवते मी हे," तुम्ही म्हणालात, "आन हे मला कधी दिसलंच न्हाई." आणि गाडी केजच्या रस्त्याला लागली. मी उगीच बोलले असं वाटून मला बीडपर्यंत चैन पडलं नाही. आता वाटतं की बोलले ते बरं झालं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, नसते बोलले तर आज हे माझ्या डोक्याला तरी नसतं.

सध्या जिकडंतिकडं जातीच्या दाखल्यांसाठी जो तो वंशावळ काढत सुटलाय. आपल्या भाऊकीनं ठरवलं की काढलीच आहे तर गावातल्या भैरोबाच्या सभामंडपात तिचा मोठा बोर्ड लावायचा. बैठकीला तुम्ही न बोलावता आलात. बायका आत चहा करत होत्या, मी सुद्धा. तुम्ही सरळ जाऊन पुरुषांच्या सतरंजीवर बसलात. तुमचे चुलते अण्णा, माझे चुलत सासरे, भाऊकीतले आता सगळ्यात थोरले. त्यांनी मूळपुरुषापासून सुरुवात केली आणि कागद न बघता आपल्या नातवंडांपर्यंत नावं म्हणत आले, कुठं अडखळले नाहीत. नदीपलीकडच्या गावातला आपल्याच आडनावाचा एकजण आला होता, त्याला बोर्डावर यायचं होतं. अण्णा म्हणाले, "आडनाव सारखं असलं म्हनून काय झालं? तुमचं देवक येगळं हाय. तुमी येगळे."

हे तुम्हाला फार आवडलं. "बरोबर हाय अण्णांचं," तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात. बांधावरचा त्रिधारी आणि कुंडीतला निवडुंग दोघंही काटेरी, पण त्रिधारी मोडला की चीक येतो, निवडुंगाला येत नाही. उन्हात राहायचं म्हणून दोघांनी आपापले काटे काढले, ते काही एका आज्याकडून आलेले नाहीत. सारखं दिसणं वेगळं आणि नातं वेगळं. अण्णा खूश झाले. मला आतून कळलं होतं की आता तुम्ही मुद्द्यावर येणार.

"मग अण्णा, लेकी कुठं घालायच्या?"

"लेकी कशाला?" अण्णा म्हणाले. "लेकी दिल्या की त्यांच्या घरच्या झाल्या. नाव बदललं, देवक बदललं, सुतक बदललं. काय ऱ्हायलं?"

"नाव बदलल्यानं काय व्हतंय? शास्त्रज्ञांनी बाभळीचं बी नाव बदललं. अकेशिया व्हती, आता व्हॅचेलिया झाली. काटा रुतायचा ऱ्हायला का?"

पुरुष हसले. अण्णा हसले नाहीत. "बाभळीला नाही घालायचं आपल्याला वंशावळीत," ते म्हणाले. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि शेवटी आपल्याकडं होतं तेच झालं, बघू म्हणून बैठक उठली. बोर्ड शैला करणार, तिनं आधी नमुना करावा, मी येऊन बघतो, एवढं अण्णांनी सांगितलं. परतताना तुम्ही मला म्हणालात की नमुन्यात लेकी घाल, मग त्यांना काढायला सांगू दे. नसलेलं मागणं आणि असलेलं काढणं यात फरक आहे म्हणालात. तुम्ही बोलायला सोप्या होतात, वन्सं, आणि वागायला पक्क्या राजकारणी.

आता त्या भांडणाबद्दल. ते अजून मिटलेलं नाही आणि ते मी मिटवूनही घेणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आलात आणि दुपारभर माझ्याशेजारी बसून फाइल केलीत. लेकींसाठी फाटे काढले. तुमचं नाव घालताना तुम्ही म्हणालात, विमल लिही. लग्नात तांदळात अंगठीनं लिहून तुमचं अनुराधा केलं होतं, कॉलेजात तुम्ही अनुराधा मॅडम, पण या झाडात विमल. तिच्यापुढं रेघ आणि तुमची लेक पूर्वा. सगळं झाल्यावर मी विचारलं, "आणि मी?"

"तू न्हाईस," तुम्ही म्हणालात. इतक्या सहज, की मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तू तुज्या माहेरच्या फांदीवर. तिथं तुला घालायलाच पायजे."

मी फाइल सेव्ह केली आणि कॉम्प्युटर बंद केला. वन्सं, तुमच्या आईचं शेवटचं दुखणं मी काढलं. त्यांचं हगणं-मुतणं काढलं, त्यांना भरवलं, तुम्ही रविवारी यायच्या तेव्हा त्यांची वेणी घातलेली असायची ती मी घातलेली असायची. हे सगळं मी तुम्हाला त्या दिवशी बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "ते उपकार हायत शैला, लई मोठे हायत. पन ते नातं न्हाई. मी शास्त्र बोलते." शास्त्राला काय जातंय बोलायला. मी आत गेले आणि भांडी आपटत चहा केला. तुम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.

तुम्ही कप घेऊन स्वयंपाकघरातच आलात आणि ओट्याला टेकून मला मायटोकाँड्रियाची गोष्ट सांगितलीत. आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणारं ते जे असतं, ते फार फार पूर्वी बाहेरून आलेला एक जीवाणू होता. दुसऱ्याच्या घरात शिरला, राहिला, चूल सांभाळायला लागला. आता त्याच्याशिवाय त्या घरात काही शिजत नाही, आणि त्यालाही बाहेर जगता येत नाही. पण त्यानं स्वतःचा थोडासा डीएनए अजून वेगळा जपून ठेवलाय, त्याच्या माहेरचा. त्यावरूनच तर कळलं तो कुठल्या फांदीवरून आला ते.

"म्हणजे मी जंतू," मी म्हणाले.

तुम्ही इतक्या हसलात की चहा साडीवर सांडला. मला मात्र हसू आलं नाही, किंवा आलं ते मी दाबलं. मग तुम्ही ओल्या फडक्यानं साडी पुसत म्हणालात, "आन ऐक. ते फकस्त आईकडून लेकरात जातं. बापाचं पुढं जात न्हाई. तुज्या पोरांत तुजं हाय, तुज्या आईचं हाय. माज्या आईचं माज्या भावात आलं, पन त्याच्यापाशीच थांबलं. आता आईचं ते आपल्या घरात माज्यात आन पूर्वात, बास." आणि तुम्ही सिंकमधले धुतलेले कप परत धुवायला लागलात. आईचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलायचा, तसा बदलला होता. मी हिशोब लावत उभी राहिले. अण्णांच्या बोर्डावर माझी मुलं येणार, त्यांच्यात सासूबाईंचं ते नाही. आणि जिच्यात आहे ती पूर्वा बोर्डावर चालत नाही. आणि ज्या सासूबाईंबद्दल हे सगळं चाललंय त्या तर कुठंच नाहीत, माझ्यासारख्याच.

मी ते बोलले. तुम्ही म्हणालात, खरं आहे, माणसाचं घराणं झाड नसतंच, जाळं असतं. प्राण्यांच्या दोन फांद्या एकदा लांब गेल्या की सहसा परत जुळत नाहीत, म्हणून त्यांचं झाड काढता येतं. माणसांच्या लग्नानं जुळत राहतात. "मग झाड कशाला काढताय? जाळं काढा," मी म्हणाले. अण्णा जाळं मान्य करतील का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, तुम्ही अण्णांना घाबरता. तुमचं तोंड लाल झालं. तेवढ्यात तुमची गाडी भरत आल्याचा फोन आला आणि तुम्ही पर्स उचललीत. पायरीवरून म्हणालात, "फुडच्या येळी बघू तुज्याकडं."

ही पुढची वेळ तुम्ही मला देणं लागता. तुमचं शास्त्र बरोबर असेल, मला त्यातलं अर्धंच कळतं. पण ज्या झाडात राबणाऱ्या बाईला जागा नाही ते झाड काढणाऱ्यानं निदान थोडं खजील तरी व्हावं, एवढं मला तुमच्या तोंडून कबूल करून घ्यायचं होतं. आता मी कुणाशी भांडू? तुमचे भाऊ माझ्याशी भांडत नाहीत, ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. तुमच्या दिरांनी मजकूर पाठवला, तो जसाच्या तसा घेतला. कै. प्रा. सौ. अनुराधा, आणि खाली शोकाकुल म्हणून त्यांच्याकडची सगळी नावं. इतकी वर्षं मी लोकांचे हे छापते, डोळे मिटून छापते. तुमचा फोटो माझ्या मोठ्याच्या लग्नातला घेतला, मागची माणसं कापून काढली. त्यात तुमच्या खांद्यावर एक हात होता, तो माझा होता. तोही कापावा लागला, कारण अशा फोटोत दुसऱ्याचा हात चालत नाही. हे काम करताना मी जितकी रडले तितकी अंबाजोगाईला तुमचा देह बघून सुद्धा रडले नव्हते. तुमचे भाऊ पाठीमागं येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, मशीनमधून येणारा फ्लेक्स दोन्ही हातांनी धरून वाळेपर्यंत उभे राहिले.

तेच काल मला म्हणाले, "वंशावळीतल्या लेकी काढून टाक. तिच्याच्यानं झालं असतं. आपल्याच्यानं न्हाई व्हनार. भाऊकीत ऱ्हायचंय आपल्याला." मी त्यांना वाट्टेल ते बोलले. सुतक तीन दिवसांत फिटलं तसं बहिणीचं नाव पण पुसा म्हणाले. रात्री जेवले नाहीत ते. मोबाइलमध्ये तुमचा नंबर उघडून बसतात आणि लावत नाहीत. मला त्यांची दया येते आणि राग पण येतो, दोन्ही एकाच वेळी, आणि मग मी उठून काच पुसते.

हे तुमच्याशी बोलणं दोन दिवस मनात चाललंय, तेवढ्यात आज दुपारी अण्णा आले. एसटीनं, एकटे, धुतलेली टोपी घालून. मी पंखा लावला, पाणी दिलं आणि फाइल उघडली. तुम्ही शिकवलेलं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. कोंबडी, मगर, एक आजा आणि झाडून सगळी लेकरं. पण मी नुसता माऊस खाली सरकवत राहिले. अण्णा स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आले आणि तुमच्यापाशी थांबले.

"हे कुनी घालाय लावलं?"

"वन्संनी."

"ती तर गेली."

"हो. म्हणून मला काढवत नाही."

अण्णांनी बोट उचललं नाही. तुमचे भाऊ मशीनपाशी पाठ करून उभे होते. "एकीचं घातलं की समद्यांच्या घालाव्या लागत्यात," अण्णा म्हणाले. "त्या काय येगळ्या हायत?"

"घालू की. तुम्ही नावं सांगा, मी घालते."

मला वाटलं ते उठून जातील. पण नावं सांग म्हटलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मूळपुरुषापासून सुरुवात केली. मी दर पिढीला थांबवून विचारायला लागले, यांना बहिणी होत्या का? होत्या, दोन. नावं? एक परळीकडं दिल्ती. नाव काय? ते कसं सांगावं बाई. पुढच्या पिढीला? एक व्हती, धारूरला. नाव? अण्णांनी मान हलवली. गावं त्यांना सगळी पाठ होती, कुठं दिली, कुणाच्या घरात दिली, सगळं. नाव एकीचं येईना. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. आम्ही त्यांच्या स्वतःच्या पिढीपर्यंत आलो.

"तुम्हाला बहीण?"

"हाय की," अण्णांना जरा हुशारी आली. "थोरली. अक्का. घाटनांदूरला हाय, अजून खनखनीत हाय."

"नाव?"

"प्रयाग. प्रयागबाई."

"ते सासरचं असेल ना. माहेरचं?"

अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर ठेवली. तुमचे भाऊ मशीन बंद करून वळून बघायला लागले. "आमी अक्काच म्हनायचो," अण्णा म्हणाले. "माय बी अक्काच म्हनायची. नाव... तिच्या कडंवर मोठा झालो मी." नंतर ते तुमच्या नावाकडं बघत बसले. मग म्हणाले, "फोन लाव तिला."

मी स्पीकरवर लावला. अक्कांनीच उचलला. मी कोण ते सांगितलं, अण्णा इथंच बसलेत म्हणून सांगितलं, आणि त्यांचं माहेरचं नाव विचारलं.

"आन ते कशाला गं?"

"वंशावळीत घालायचंय, अक्का."

"कुनाच्या वंशावळीत?"

"तुमच्या. तुमच्या वडलांच्या."

मला वाटलं रेंज गेली. मी फोन उचलून बघितला, चालू होता.

"केशर," अक्का म्हणाल्या. "केशर व्हतं बाई माजं नाव."

मी अण्णांच्या शेजारून फाटा काढला, नाव टाइप केलं, आणि खात्रीसाठी मोठ्यानं म्हणाले, "केशर. घातलं, अक्का."

"अजून येक डाव म्हन की."

वन्सं, मी तोंड उघडायच्या आत अण्णाच फोनवर वाकले.

"केशर," ते म्हणाले.

"ओ," पलीकडून आवाज आला.